बाहेरून ओला ग्लास

मुक्काम पेठच्या पुढे, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला
घट बसायला थोडे दिवस बाकी

तीर्थरूप गोजराआत्यास तिच्या वाया गेलेल्या भाच्याचा, म्हणजे ललितचा, दोन्ही हात भुईला टेकून नमस्कार. (हात खरोखरच टेकलेले आहेत, कारण मी सारवलेल्या पडवीत पालथा पडून लिहितोय आणि शेजारी एक कोंबडी कागदाकडे खाऊ असल्यासारखी बघतेय.) तुझे गुडघे कसे आहेत? उतरताना दुखतात की चढताना, हे मागच्या वेळी डॉक्टरला नीट सांगता आलं नव्हतं, ते आता ठरलं का? मोतीराममामांचा फवारणीनंतरचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. द्राक्षबागेची छाटणी जवळ आली, म्हणजे तुला हे पत्र वाचायला सवड नसणार हे मला माहीत आहे. तरी वाच. फोन केला असता, पण इथे रेंज फक्त एका खडकावर येते आणि त्या खडकावर शेळ्या बसलेल्या असतात. शिवाय फोनवर मी चार वाक्यं बोललो की तू "बरं, ठेव" म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तू विचारशील की मी विंचूरला बाटल्यांवर लेबलं चिकटवत होतो तो पेठच्या डोंगरात कसा. विंचूरचं काम मीच सोडलं. सगळ्या बाटल्या सारख्याच दिसायच्या आणि मला झोप यायची. तिथून येवल्याला पैठणीच्या दुकानात लागलो, गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडून दाखवायला. उलगडायला मी एक नंबर होतो, घडी घालायला जमेना. एका बाईंसमोर चौदा-पंधरा पैठण्यांचा असा ढीग झाला की शेठनी मला चहा पाजला आणि हात जोडले. मग नाशकात एका दोस्ताच्या पिकअपवर चढलो. त्याला भाडं मिळालं होतं, एका संस्थेची पाणी गाळायची टाकी एका पाड्यावर पोचवायची. संस्थेचा माहितगार माणूस वाटेत आमच्या गाडीत बसणार होता. तो बसला नाही, त्याची टोपी आणि अंगातलं जाकीट तेवढं आदल्या दिवशी गाडीत येऊन पडलं होतं. घाटात धो धो पाऊस, गाडीची काच अर्धी, म्हणून मी ते जाकीट अंगात घातलं आणि टोपी डोक्यात. (टोपीवर निळा थेंब आहे आणि थेंबाला हसरं तोंड आहे.) पाड्याच्या अलीकडच्या वळणावर दोर सुटला. टाकी गाडीतून उतरली, उतारावरून आपल्या मनाने गेली आणि भाताच्या खाचरात जाऊन हत्तीसारखी बसली. भात लावणाऱ्या बायांनी ती काढली. मी वर उभा राहून "हळू, हळू" म्हणत होतो. तेवढ्यात मागून संस्थेच्या प्रतिभा मॅडम जीपमधून आल्या, त्यांनी टोपी बघितली आणि म्हणाल्या, बरं झालं तुम्ही वेळेवर आलात, आता महिनाभर थांबा आणि लोकांना सगळं नीट शिकवा. माझ्या आयुष्यात मला कोणी "बरं झालं तुम्ही वेळेवर आलात" असं म्हटलेलं नाही. तुला माहीत आहे. मी थांबलो.

आता पाण्याचं सांगतो. इथे प्यायचं पाणी म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा झिरा. खडकाच्या खोबणीत पाणी पाझरतं, बाया वाटीने हंड्यात भरतात. उन्हाळ्यात ते थेंबथेंब, पावसाळ्यात लाल. वरच्या बाजूला गुरं बसतात ते सगळं त्यातच येतं. दर पावसात पाड्यावरची लहान पोरं जुलाबाने आडवी. मी ज्या घरी उतरलो ते भागीबाईंचं घर. म्हातारी काटक, डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांची सून पल्लवी आणि पल्लवीची दीड वर्षांची दिशा. ही दिशा म्हणजे हाताच्या बोटांवर उचलता येईल एवढीशी. नुकतीच चालायला लागली होती, मग आजारी पडली आणि पुन्हा बसायला लागली. पल्लवी तिला भिंतीशी उभी करायची, ती भिंतीवरून घसरत खाली यायची आणि हसायची. हे हसणं मला बघवायचं नाही, म्हणून मी उठून टाकीपाशी जायचो. टाकी पाड्याच्या मधोमध बसवली. झिऱ्याचं पाणी पाइपने वरून आत, वाळूतून गाळून खालच्या नळातून बाहेर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पाणी पिऊन माना डोलावल्या. भागीबाई म्हणाल्या, "चव नाय त्याला." मी म्हटलं, मावशी, चव म्हणजेच तर घाण. त्या म्हणाल्या, "मग तुमी लय चवीचं बोलता." सगळा पाडा हसला.

मॅडमनी जाताना मला औषधाच्या बाटल्यांएवढ्या तपासायच्या बाटल्या दिल्या. त्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं, ऊब मिळेल अशा जागी दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर ते पिण्याजोगं नाही. मॅडम पुढच्या खेपेला घराघरातलं पाणी तपासणार होत्या. लोक टाकीचं पाणी वापरत नसतील तर टाकी दुसऱ्या पाड्यावर द्यायची, असं वरून ठरलेलं, कारण मागणारे पाडे पुष्कळ. मी एक बाटली टाकीच्या नळाखाली भरली, एक भागीबाईंच्या हंड्यातून. चुलीजवळच्या फडताळावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. टाकीची बाटली जशीच्या तशी राहिली. भागीबाईंची झाली काळी. शाईसारखी. (त्याच शाईने मी हे पत्र लिहितोय असं तुला वाटेल इतकी.)

आणि आत्या, इथे मी ते केलं जे डोक्यावर टोपी असलेला माणूस करतो. मी भागीबाईंना चारचौघांत विचारलं, मावशी, तुम्ही गपचूप झिऱ्याचं पाणी मिसळता का? चवीसाठी? त्या दिवशीही नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी माझ्यापुढे आली, पण थाळी ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या टाकीपाशी पाय पसरून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला मोठ्याने सांगायला लागल्या, "नीट भर गं, चोरून झिऱ्यावर जाशील, हे थेंबवाले साहेब पकडतील." पाड्यावरच्या पोरांनी मला थेंब्या म्हणायला सुरुवात केली. अजूनही म्हणतात. मला आता ते नाव आवडतं, पण तेव्हा नव्हतं आवडलं.

मग मी नीट बघायचं ठरवलं. (तू म्हणशील, नीट बघायचं तुला सुचलं? सुचलं.) पल्लवीने नळावरून हंडा भरला की तिच्या मागोमाग घरापर्यंत जायचं, हंडा ठेवल्याठेवल्या त्यातलं पाणी बाटलीत ओतून घ्यायचं. ती बाटली चांगली निघाली. म्हणजे वाटेत काही नाही, हंड्यातही काही नाही. मग मी पडवीतच बसून राहिलो. दुपारी शेजारच्या पाड्यावरचे सावळीरामबुवा आले, भागीबाईंच्या माहेरच्या नात्यातले. बाई तेव्हा शेळीच्या पिल्लाला पाजत होत्या. उठल्या, लुगड्याला हात पुसले, ग्लास घेतला आणि हंड्यात बुडवला. बोटांच्या पेरांपर्यंत हात पाण्यात. ग्लास काठोकाठ भरून, चारी बाजूंनी ठिबकत, दोन्ही हातांनी पाहुण्यापुढे. बुवांनी तो हातात घेतला, जरा फिरवून बघितला आणि प्यायले. मला पहिल्या दिवसापासून असाच ग्लास मिळत होता. बाहेरून ओला. मी समजत होतो की आत्ताच धुतलाय.

टाकीसोबत मॅडमनी घरोघर एकेक लांब दांड्याची पळी दिलेली होती, याच कामासाठी, आणि ती कशी धरायची ते मी पहिल्याच आठवड्यात घरोघर दाखवूनही आलो होतो. ती भागीबाईंच्या घरी खुंटीला अगदी नवी लटकत होती. मी ती काढली आणि म्हटलं, मावशी, एवढंच करायचं. पळीने पाणी घ्यायचं आणि वरून ग्लासात सोडायचं, हात लागायला नको. असं म्हणून मी ते करूनही दाखवलं. सावळीरामबुवा एकदम दुसरीकडे बघायला लागले. भागीबाई म्हणाल्या, "वरून पानी आमी लय प्यालो." आणि पुन्हा पिल्लाला घेऊन बसल्या.

ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मग पल्लवीने सांगितलं, आणि मधे मधे आतून भागीबाईंनी तिच्या सांगण्यात दुरुस्त्या केल्या. पाड्यावरचे लोक वर्षानुवर्षं छाटणीला द्राक्षांच्या गावांकडे जातात. भागीबाई नवी नवरी असताना गेल्या होत्या. तिथे पंपाच्या खोलीशेजारी जांभळाचं झाड होतं. तहान लागली की बायांनी जांभळाखाली ओणवं व्हायचं आणि ओंजळ धरायची. मालकीण हातभर उंचीवरून कळशीने धार सोडायची. पितळी कळशी, काठाला चेमटलेली, म्हणून धार वाकडी पडायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, चोळीत जायचं. "हात न्हायचे, पोट तसंच," असं भागीबाई आतून म्हणाल्या. खोलीत ग्लास होते. बायांना दिसायचे. पाणी मात्र विहिरीचं होतं, गार आणि नितळ, तेही त्यांनी सांगितलं, कारण बाई खोटं बोलत नाहीत. छाटणी संपवून ट्रकने परत आल्यावर पाड्यावरच्या बायांनी आपसांत ठरवलं की आपल्या दारात आलेल्याला, कोणी का असेना, वरून पाणी द्यायचं नाही. ग्लास बुडवून द्यायचा. बाहेरून ओला ग्लास म्हणजे बुडवलेला. कोरडा ग्लास म्हणजे वरून ओतलेला. तेव्हापासून इथे पाहुणा ग्लास हातात आला की आधी बाहेरून चाचपतो. आणि मी, हसऱ्या थेंबाची टोपी घालून, त्यांना घराघरात वरून ओतायला शिकवत होतो. माझ्यासमोर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण मी पाहुणा. पाठ वळली की सगळ्यांनी ग्लास बुडवले होते, कारण आलेला दुसराही पाहुणाच.

त्याच आठवड्यात दिशाला पुन्हा जुलाब लागले. या वेळी ती हसलीसुद्धा नाही. यादव जीपवाल्याने गाडी कशी पळवली ते मी सांगणार नाही, तुला चक्कर येईल. मी मागे बसलो होतो, पल्लवीच्या मांडीवर पोर, भागीबाई वाटीतून साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत होत्या आणि वळणागणिक ते माझ्या जाकिटावर सांडत होतं. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरणीने पाणी कुठलं पिता असं विचारलं तेव्हा पल्लवीने माझ्याकडे पाहिलं, मी भागीबाईंकडे पाहिलं आणि भागीबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं नुसती उघडमीट करत होत्या. आत्या, मला जन्मात पहिल्यांदा कोणाला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

पोर सुधारली. आम्ही परत आलो, आणि त्या दुपारी पल्लवीने जे केलं ते मी टोपी काढून बघितलं. तिने थाळी घेतली. थाळीत ग्लास उभा केला. थाळी जमिनीवर, ती स्वतः उकिडवी बसलेली. पळी ग्लासाच्या काठाला टेकवून पाणी सोडलं, ग्लास भरला, तरी सोडतच राहिली. पाणी चारी बाजूंनी ओसंडून थाळीत. मग तो ठिबकणारा ग्लास दोन्ही हातांनी उचलून सासूपुढे धरला. भागीबाईंनी घेतला. बाहेरून बोट फिरवलं, पुढून, मागून, बुडाखालून. "वल्ला हाय," म्हणाल्या, आणि प्यायल्या. थाळीतलं पाणी पल्लवीने कोंबड्यांना ठेवलं. पाड्यावर आता सगळ्या घरांत असंच देतात. कोंबड्या इतकं स्वच्छ पाणी पितात की त्यांची चाल बदलली आहे. मॅडम आल्या, घराघरातलं पाणी बाटल्यांत भरून नेलं, एकही काळी झाली नाही. टाकी इथेच राहिली. ज्याची ती टोपी तो माहितगार माणूसही मॅडमबरोबर आला होता. त्याने माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, राहू दे.

दिशा परवा पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत न धरता चालली. टोकाला मी होतो, पण ती माझ्याकडे येत नव्हती, कोंबडीकडे जात होती.

बाकी सर्व क्षेम. मामांना माझा नमस्कार सांग, आणि माझं लग्न जमवायचं काम काही दिवस थांबवलंस तरी चालेल.

तुझा,
ललित

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. त्या लांब दांड्याच्या पळ्या संपल्या. म्हणजे आहेत, पण शेजारच्या पाड्यावर गावदेवाचं जेवण होतं, तिथे सगळ्या पळ्या वरण वाढायला गेल्या. परत आल्या त्यांतल्या काही वाकड्या, सगळ्यांना फोडणीचा वास, आणि पाण्यावर तेलाचे डोळे. भागीबाई म्हणतात, पाण्याला तुंब्याचा डवला बरा. लांब मानेचा दुधी वेलावरच वाळू द्यायचा, पोटाला भोक पाडून कोरायचा, मान धरून पाणी काढायचं. ऊन वरणात तो चालत नाही, म्हणून कोणी मागून नेत नाही. पण औंदा इथले वेल पावसाने कुजले, बीसुद्धा उरलं नाही. तुझ्या पंपाच्या खोलीवर तो वेल अजून चढतो ना? तू बियांसाठी एका भोपळ्याला लाल चिंधी बांधतेस आणि बाकीचे कोवळे असतानाच बाजारात पाठवतेस. या वर्षी दहा-बारा भोपळ्यांना चिंधी बांध. वेल थकेल, पुढे भोपळे धरणार नाही, तू चिडशील, मामा तुझ्यावर चिडतील, हे सगळं मी विचारात घेतलं आहे.

ता. क. दुसरा. भोपळे कुठून आणणार असं भागीबाईंनी विचारलं. मी म्हटलं, दिंडोरीला माझी आत्या आहे. मग त्यांनी गाव कुठलं, बाग कुठली, असं एकेक विचारलं. मी सांगत गेलो. पंपाच्या खोलीशेजारी जांभळाचं झाड आहे हे मी आपल्या तोंडाने सांगितलं आणि तिथेच मला कळशी आठवली. आत्या, तुझ्या त्या पितळी कळशीचा काठ अजून चेमटलेलाच आहे ना? मी लहानपणी बघितलाय. भागीबाई काही रागाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, मालकीण छाटणी संपली की प्रत्येकीला जाताना एक भोपळा द्यायची, लांब मानेचा, चिंधी सोडवून. पाड्यावरचे सगळे वेल त्याच बियांचे होते. म्हणजे इतकी वर्षं हे लोक तुझ्याच भोपळ्याने पाणी काढत होते. मला हे दोन्ही एकाच माणसाचं कसं ते कळत नाही. तू सासूकडून शिकलीस तशी धार सोडलीस, आणि भोपळा तुझ्या मनाने दिलास, असं मी धरून चाललोय. चुकत असेन तर पत्राने कळव.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा, कारण कोंबडीने कोपरा खाल्ला. भोपळे वाळले की एसटीने पाठवू नकोस. भागीबाई म्हणतात, "तिला म्हनावं, तूच घेऊन ये." यादवची जीप दिंडोरीपर्यंत येते, गुडघ्यांना पुढची सीट देईन. इथे आलीस की तुला पडवीत बसवतील आणि पल्लवी पाणी आणेल. आत्या, कोणाच्याही घरचा ग्लास तू आधी पदराने पुसतेस. हा बाहेरून ओला असेल. पुसू नकोस.